एकच पासवर्ड दहा ठिकाणी? पासवर्ड मॅनेजर काय करतो आणि त्याचीच तिजोरी फुटली तर काय होतं?

'माझं इन्स्टाग्राम हॅक झालंय. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर पाठवू नका.' असं स्टेटस अधूनमधून कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपवर दिसतंच. त्यावर लगेच सल्लेही येतात. पासवर्ड बदल, स्ट्राँग ठेव, भलत्या लिंकवर क्लिक करत जाऊ नकोस.

पण अनेकदा त्या माणसाने लिंकवर क्लिक केलेलंच नसतं आणि त्याचा पासवर्ड कुणी डोकं लावून ओळखलेलाही नसतो. पाच-सात वर्षांपूर्वी त्याने कुठल्यातरी शॉपिंग साइटवर किंवा नोकरीच्या पोर्टलवर खातं उघडलेलं असतं. ईमेल तोच, पासवर्डही तोच. पुढे त्या साइटमधून ग्राहकांची माहिती चोरीला जाते आणि ईमेल-पासवर्डच्या जोड्यांची यादी चोरांच्या बाजारात पोहोचते. मग एखादा प्रोग्राम ती यादी घेऊन इन्स्टाग्राम, फेसबुक, जीमेल अशा प्रत्येक दारावर एकेक जोडी लावून बघतो. जिथे उघडेल तिथे उघडेल.

या प्रकाराला 'क्रेडेन्शियल स्टफिंग' म्हणतात. पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो दोन ठिकाणी वापरलेला असेल तर इथे त्याचा काही उपयोग होत नाही. पासवर्ड मॅनेजरची गरज नेमकी इथून सुरू होते.

झुकरबर्ग यांच्या बाबतीतही हेच घडलं होतं

२०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्डची चोरी झाली. तेव्हा साधारण ६५ लाख पासवर्ड फुटल्याचं समोर आलं होतं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच चोरीतला खरा ऐवज विक्रीला आला तेव्हा आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात गेला. हे पासवर्ड उघडे नव्हते, पण ते झाकण्याची पद्धत इतकी कमकुवत होती की बहुतेक उलगडता आले.

त्यानंतर काही दिवसांतच, जून २०१६ मध्ये, मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. हल्लेखोरांचा दावा होता की लिंक्डइनच्या यादीत त्यांचा पासवर्ड सापडला आणि तो होता 'दादादा'. फेसबुक उभं करणाऱ्या माणसाने तीन अक्षरी बडबडगीतासारखा पासवर्ड ठेवावा याची तेव्हा बरीच चेष्टा झाली. पण तो पासवर्ड वीस अक्षरांचा असता आणि तिन्हीकडे तोच असता, तरी एकदा उलगडल्यावर निकाल हाच लागला असता.

ड्रॉपबॉक्सचं प्रकरण याहून गंभीर आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडे वापरलेला पासवर्डच कामाच्या खात्याला ठेवला होता. तो धागा पकडून चोर आत शिरले. २०१६ मध्ये कळलं की ६ कोटी ८० लाखांहून जास्त खात्यांची माहिती बाहेर गेली होती.

मग सगळीकडे वेगळा पासवर्ड का ठेवत नाही?

कारण ते लक्षात ठेवणं माणसाला शक्य नाही. बँक, ईमेल, आयआरसीटीसी, इन्कम टॅक्स, वीजबिल, मुलांच्या शाळेचं ॲप, दोन-तीन ओटीटी, चार शॉपिंग ॲप्स. मोजायला बसलं तर पन्नास खाती सहज निघतात. म्हणून माणूस पळवाट काढतो. नाव, त्यापुढे ॲट, त्यापुढे १२३. नव्वद दिवसांनी साइटने पासवर्ड बदलायला लावला की १२३ चं १२४ होतं.

हा दोष फक्त वापरणाऱ्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. सवय वरूनच लागली आहे. डाउनलोड केलेलं ई-आधार उघडायला जो पासवर्ड लागतो तो म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. बँकेचं स्टेटमेंट किंवा विम्याची पावतीही अनेकदा अशाच सूत्राने उघडते. नाव आणि जन्मतारीख जोडली की पासवर्ड तयार होतो, हे वर्षानुवर्षं कागदपत्रांनीच शिकवलंय.

दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदला आणि त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह टाका, हा नियमही असाच वरून आला. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून तो जगभर पसरला. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, आपण लिहिलेल्यापैकी बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुली दिली. त्याच वर्षी निस्टने धोरण बदललं. पासवर्ड फुटल्याची खूण नसेल तर उगाच बदलायला लावू नका, आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबीकडे बघा. आपल्याकडच्या कितीतरी साइट्स अजूनही जुनाच नियम चालवतात.

पासवर्ड मॅनेजर नेमकं करतो काय?

हे एक ॲप असतं. ते प्रत्येक खात्यासाठी वेगळा, लांबलचक, अर्थहीन पासवर्ड तयार करतं, तो साठवतं आणि लॉगिनच्या वेळी स्वतः भरतं. हे सगळे पासवर्ड एका डिजिटल तिजोरीत असतात. ती उघडायला एकच पासवर्ड लागतो, त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात. लक्षात ठेवायचा तो हाच.

ऑनलाइन मॅनेजर म्हणजे ही तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे फोन, लॅपटॉप, ऑफिसचा कॉम्प्युटर कुठूनही उघडता येते. इथे पहिला प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो: सगळे पासवर्ड एका परक्या कंपनीच्या हवाली करायचे?

याचं उत्तर तिजोरीला कुलूप कुठे लागतं यात आहे. समजा, एखाद्याने आपली पत्र्याची ट्रंक घरीच कुलूप लावून बंद केली, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि ट्रंक तेवढी शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवायला दिली. शेजारी ट्रंक सांभाळतो, पण आत काय आहे ते त्याला बघता येत नाही. चांगला पासवर्ड मॅनेजर असाच चालतो. तुमच्या फोनमध्येच मास्टर पासवर्डपासून एक गुप्त किल्ली बनते, तिने सगळी माहिती एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय न वाचता येणारा मजकूर होते, आणि तेवढा मजकूरच कंपनीकडे जातो. मास्टर पासवर्ड कंपनीला कळतच नाही. म्हणून अशा सेवांमध्ये तो विसरलात तर कस्टमर केअरला फोन करून सहसा उपयोग होत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बँकेच्या नावाने मेसेज येतो, लिंक उघडल्यावर पान हुबेहूब बँकेसारखं असतं. तोच लोगो, तोच रंग. माणूस लोगो बघतो, वेबसाइटचा पत्ता कोण वाचतो? मॅनेजर मात्र फक्त पत्ता बघतो. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असेल तर तो पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा रकाना एके दिवशी रिकामा राहिला, तर तिथे हाताने पासवर्ड टाइप करण्याआधी थांबायला हवं.

२०२२: तिजोऱ्याच चोरीला गेल्या तेव्हा

लास्टपास हा जगातल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पासवर्ड मॅनेजरपैकी एक. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की तिच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं होतं, पण ग्राहकांच्या तिजोऱ्या सुरक्षित आहेत. डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, दुसरी घोषणा आली. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रतीच चोरीला गेल्या होत्या.

चोर आत कसा शिरला हे २०२३ च्या सुरुवातीला समोर आलं. त्या बॅकअपपर्यंत पोहोचू शकणारे कंपनीत मोजकेच इंजिनिअर होते. त्यातल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमे-गाणी चालवण्याचं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्यात सुरक्षेची फट होती. हल्लेखोराने त्या फटीतून शिरून, कीबोर्डवर टाइप होणारं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम बसवला. इंजिनिअरने स्वतःचा मास्टर पासवर्ड टाइप केला आणि तो चोराला मिळाला. जगाचे पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचं दार एका कर्मचाऱ्याच्या घरातून उघडलं गेलं.

पण ट्रंकांना तर कुलूप होतं ना? होतं. तरीही तीन गोष्टी नडल्या.

पहिली, ट्रंकेवरची चिठ्ठी. तिजोरीतले पासवर्ड एन्क्रिप्ट होते, पण ते कुठल्या वेबसाइटचे आहेत ते पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाच्या तिजोरीत फक्त ओटीटी आहे आणि कुणाच्या तिजोरीत क्रिप्टोकरन्सीचं खातं आहे, हे चोराला न उघडताच दिसत होतं. कुठल्या ट्रंकेवर मेहनत घ्यायची ते ठरवायला तेवढं पुरेसं होतं.

दुसरी गोष्ट, वेळ. वेबसाइटवर चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं लॉक होतं. चोरून घरी नेलेल्या ट्रंकेला अशी मर्यादा नसते. शक्तिशाली कॉम्प्युटर लावून महिनोन्महिने किल्ल्या फिरवता येतात. हे रोखण्यासाठी मॅनेजर मास्टर पासवर्डवर तेच गणित हजारो वेळा करतो, म्हणजे एकेक अंदाज तपासायला चोराला जास्त वेळ लागतो. लास्टपासच्या नव्या खात्यांना ही आवर्तनं १,००,१०० होती. अनेक जुन्या खात्यांना मात्र ५,००० किंवा त्याहूनही कमीच राहिली होती आणि त्या ग्राहकांना याची कल्पनाही नव्हती. २०२३ मध्ये या क्षेत्रात त्याच पद्धतीसाठी ६,००,००० आवर्तनांची शिफारस होत होती.

तिसरी गोष्ट, मास्टर पासवर्ड स्वतः. बारा अक्षरांची किमान अट कंपनीने २०१८ मध्ये आणली. त्याआधीची छोट्या मास्टर पासवर्डची कितीतरी खाती तशीच चालू होती.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. २०२३ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दीडशेहून अधिक लोकांच्या क्रिप्टो चोऱ्यांचा माग काढला. एकूण रक्कम साडेतीन कोटी डॉलरच्या पुढे. बहुतेकांमध्ये समान धागा एकच, त्यांनी आपल्या वॉलेटचे गुप्त शब्द लास्टपासच्या नोट्समध्ये ठेवले होते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत सुमारे १५ कोटी डॉलरच्या एका चोरीचा संबंध, कंपनीचं नाव न घेता, २०२२ मध्ये फुटलेल्या एका ऑनलाइन पासवर्ड मॅनेजरशी जोडला.

यातली सर्वांत त्रासदायक बाब अशी की चोरीनंतर मास्टर पासवर्ड बदलून काही होत नव्हतं. चोराकडची प्रत जुन्या किल्लीनेच उघडणार होती. सुटका हवी असेल तर आतला एकेक पासवर्ड त्या त्या साइटवर जाऊन बदलायला हवा होता. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला होता, त्यांच्या ट्रंका उघडणं मात्र आजही जवळपास अशक्य आहे.

मग डायरीच बरी नाही का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रूस श्नायर या नावाजलेल्या सुरक्षा तज्ज्ञाने २००५ मध्ये, अवघड पासवर्ड ठेवा आणि ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा, असा सल्ला दिला होता. रशियात किंवा झारखंडात बसलेल्या चोराला तुमच्या घरातली डायरी वाचता येत नाही. ज्या आजोबांची एकूण चार खाती आहेत त्यांना डायरी पुरते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही.

अडचण खाती वाढली की येते. डायरीतला वीस अक्षरांचा पासवर्ड रोज फोनवर टाइप करायचा कंटाळा येतो आणि हळूहळू सगळे पासवर्ड पुन्हा सोपे आणि सारखे होऊ लागतात. शिवाय डायरी खोटी वेबसाइट ओळखत नाही.

डायरीपेक्षा वाईट असे प्रकार मात्र घरोघरी चालतात. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले पासवर्ड. गॅलरीतला एटीएम पिनचा फोटो. फोनबुकात 'एटीएम काकू' नावाने सेव्ह केलेला पिन. फोन अनलॉक करून कुणाच्या हातात दिला की हे सगळं उघडंच असतं.

कोणता घ्यायचा?

अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा आणि आयफोनमध्ये ॲपलचा मॅनेजर आधीपासूनच असतो. ॲपलने तर सप्टेंबर २०२४ मध्ये 'पासवर्ड्स' नावाचं स्वतंत्र ॲपच दिलं. दोन्ही मोफत आहेत. काहीच वापरत नसणाऱ्यासाठी सुरुवात इथून करणं शहाणपणाचं. मर्यादा एक लक्षात ठेवावी: फोनचा पिन घरातल्या सगळ्यांना माहीत असेल, तर पासवर्डही सगळ्यांना माहीत असल्यासारखेच आहेत.

स्वतंत्र ॲप हवं असेल तर २०१६ पासून असलेला बिटवॉर्डन बहुतेकांना पुरेसा आहे. त्याचा प्रोग्राम कुणालाही तपासता येतो आणि मोफत योजनेत पासवर्डच्या संख्येवर किंवा उपकरणांवर बंधन नाही. वनपासवर्ड ही कॅनडातली कंपनी पैसे घेते, पण तिची एक व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं इथे मास्टर पासवर्डसोबत तुमच्या उपकरणात बनलेली आणखी एक लांब गुप्त किल्ली लागते. ती कंपनीकडे नसते. त्यामुळे सर्व्हरवरून तिजोरी चोरली आणि मास्टर पासवर्ड ओळखला, तरी दुसऱ्या किल्लीवाचून काम अडतं. चेन्नईच्या झोहोचा 'झोहो व्हॉल्ट'ही आहे, एकट्या व्यक्तीसाठी तो मोफत आहे. आणि ज्यांना तिजोरी इंटरनेटवर नकोच, त्यांच्यासाठी २००३ पासूनचा कीपास आहे. त्यात सगळं एका फाइलमध्ये आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं. फाइल हरवली किंवा हार्ड डिस्क गेली तर तक्रार स्वतःकडेच करायची.

मास्टर पासवर्ड कसा असावा?

चिन्हांची खिचडी करण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. 'डाइसवेअर' नावाची जुनी पद्धत आहे. ७,७७६ शब्दांची यादी असते, पाच फासे टाकायचे, येणाऱ्या आकड्याचा शब्द उचलायचा. असे चार शब्द घेतले तरी ३,६०० लाख कोटींहून जास्त शक्यता होतात आणि प्रत्येक वाढीव शब्दामागे त्या ७,७७६ पटींनी वाढतात. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहूनही हे करता येतं. अट इतकीच की शब्द चिठ्ठ्या टाकून निघावेत. मनाने निवडायला बसलं की माणूस गाव, देव, मुलांची नावं आणि गाण्यांच्या ओळींवरच येतो, आणि चोरांच्या याद्यांमध्ये त्या आधीपासून असतात.

सुरुवात कुठून?

पन्नास पासवर्ड एका रविवारी बदलायला बसलं तर दहाव्यापाशी उत्साह संपतो. आधी ईमेल, कारण 'फरगॉट पासवर्ड'ची लिंक तिथेच येते आणि ईमेल ज्याच्या हातात त्याला बाकीची बहुतेक खाती मिळतात. मग बँक. मग सोशल मीडिया. उरलेली खाती जेव्हा उघडली जातील तेव्हा बदलत जावीत.

आपला ईमेल आजवर कुठल्या चोरीत सापडलाय का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मोफत तपासता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती २०१३ मध्ये सुरू केली. निकाल बघून धक्का बसण्याची तयारी ठेवावी.

मॅनेजरला आणि ईमेलला टू-फॅक्टर पडताळणी लावावी, शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपची. यूपीआय पिन, क्रिप्टो वॉलेटचे गुप्त शब्द तिजोरीत ठेवू नयेत. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर डाउनलोड करणाऱ्याला कुठलाही मॅनेजर वाचवू शकत नाही, कारण त्यासोबत येणारे व्हायरस ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डच आधी उचलतात. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना पासवर्डची जी फाइल तयार होते ती साध्या मजकुराची, उघडी असते. काम झालं की ती डाउनलोड फोल्डरमधून आणि ट्रॅशमधूनही काढावी. ही फाइल विसरून राहणं फारच सोपं आहे.

अनेक साइट्सवर आता 'पासकी' दिसू लागली आहे. त्यात पासवर्डच नसतो, फोनमध्ये ठेवलेली किल्ली बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडते. पर्याय दिसला तर घ्यावा, बहुतेक मॅनेजर पासकीही साठवतात. पैशांची फसवणूक झालीच असेल तर मात्र आधी १९३० या हेल्पलाइनवर फोन, पासवर्ड त्यानंतर.

आणि मालकच नसेल तर?

घरातले सगळे व्यवहार एकटाच बघत असेल आणि तो अचानक गेला किंवा आयसीयूत असेल, तर वीजबिलापासून विम्याच्या पोर्टलपर्यंत सगळं अडतं. तिजोरी जितकी मजबूत, तितकी ही अडचण मोठी. बिटवॉर्डनच्या पैसे भरून मिळणाऱ्या योजनेत विश्वासातल्या एका व्यक्तीचं नाव देता येतं. तिने मागणी केली की मालकाने ठरवलेले दिवस वाट पाहिली जाते, आणि त्या मुदतीत मालकाने नकार दिला नाही तर तिजोरी उघडते. गूगलच्या निष्क्रिय खात्याच्या सेटिंगमध्ये आणि ॲपलच्या 'लेगसी कॉन्टॅक्ट'मध्येही खात्यातल्या माहितीसाठी वारस नेमता येतो, पण ॲपलच्या वारसाला साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत.

यातलं काहीच जमत नसेल तर मास्टर पासवर्ड आणि टू-फॅक्टरचा रिकव्हरी कोड एका कागदावर लिहून, पाकीट चिकटवून, घराची कागदपत्रं आणि दागिने ज्या कपाटात असतात तिथे ठेवावं आणि ते कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावं. मास्टर पासवर्ड बदलला की पाकिटातला कागदही बदलायचा.